बाकी काही त्रास?

"बाकी काही त्रास?" वजनकाट्यावरचा आकडा फाइलीत उतरवता उतरवता सिस्टरनं विचारलं आणि माझी धाकटी बहीण म्हणाली, "नाही." मी शेजारच्या खुर्चीत तिची पर्स सांभाळत बसले होते. आदल्या रात्री हीच मुलगी पाय भिंतीला उंच टेकवून कण्हत पडली होती. पोटरीच्या आतून काहीतरी ओढतंय म्हणत होती. मध्येच उठून, बाथरूममध्ये जाऊन गुडघ्याखाली गार पाणी ओतून आली होती. सकाळी निघताना तिनं चप्पल बदलली, कारण नेहमीच्या चपलेचा पट्टा घोट्याशी रुतत होता. आणि आता इतकं सरळ, इतकं हसरं "नाही", की रात्रीचं सगळं मलाच भासलं असावं. सिस्टरनं त्या ओळीपुढे आडवी रेघ मारली आणि पुढचं नाव पुकारलं. बाहेर आल्यावर मी विचारलंच, "पायांचं का नाही बोललीस?" तर म्हणाली, "अगं ताई, त्यांनी बाळाचं विचारलं ना."

त्यांनी बाळाचं विचारलं नव्हतं.

पण ती खोटंही बोलत नव्हती. दिवस गेले की बाईच्या कानांना एक वळण लागतं. हालचाल जाणवते का, पोट कडक होतं का, अंगावरून काही जातं का, असे सगळे प्रश्न पोटाभोवती फिरत असतात. मग कुणी नुसतं "कशी आहेस" म्हटलं तरी त्याचा अर्थ "आतलं कसं आहे" असाच लागतो. पोटावर हात ठेवायला ओळखीची-अनोळखी माणसं पुढे होतात. पायांकडे बघायला कुणाला सवड नसते, आणि सातव्या महिन्यानंतर तर खुद्द जिचे पाय आहेत तिलाही ते दिसत नाहीत. नखं कापायला दुसऱ्याला बोलवायचं, चप्पल अंगठ्यानं चाचपून शोधायची. गुडघ्याखालचा सगळा मुलूख ऐकीव माहितीवर चालतो.

मला माझ्या पायांची बातमी पहिल्या खेपेला, पोटुशी असताना, कपड्यांच्या दुकानातल्या ट्रायल रूममध्ये लागली होती. तिथे तिन्ही बाजूंना आरसे होते. गुडघ्याच्या मागच्या खळगीत जांभळ्या-तांबड्या बारीक रेघांचं जाळं दिसलं. पर्समधलं पेन गळलं असेल असं वाटून मी अंगठ्याला थुंकी लावून ते चोळलं. रेघा दाबाखाली फिक्या झाल्या, अंगठा उचलताच परत उमटल्या. त्या स्पायडर व्हेन्स. एक मिलिमीटरही जाडी नसलेल्या, कातडीलगतच्या नसा. काहींना त्या गळ्याखाली, गालावरही येतात, आणि इस्ट्रोजेन या संप्रेरकाची भरती ओसरली की बऱ्याचशा आपोआप विरतात. दुखत नाहीत, बोचत नाहीत, फार तर आरशात आपलं लक्ष वेधून घेतात. मी एकदोन दिवस हळहळले आणि विसरून गेले.

दुसऱ्या खेपेचं प्रकरण वेगळं होतं. या वेळी नस हाताला लागली, व्हेरिकोज व्हेन म्हणतात ती. डाव्या पोटरीच्या आतल्या बाजूनं, घोट्याच्या वरून गुडघ्याकडे वळत गेलेली, हिरवट-निळी, जागोजाग गाठाळलेली. तेल लावताना तळव्याखाली ती मऊ, फुगीर लागायची. संध्याकाळ झाली की तिच्या आजूबाजूला खाज सुटायची, पाय शिणायचे, रात्री पोटरीत गोळे यायचे. आणि तरीही मला तिच्याबद्दल एक चोरटं कुतूहल होतं. आडवं पडून पाय उंच केला की ती बघता बघता सपाट व्हायची, जणू कधी नव्हतीच. उठून उभं राहिलं की पुन्हा भरायची. हा खेळ मी कितीतरी वेळा खेळले. किळस, भीती आणि मजा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी वाटू शकतात हे तेव्हा कळलं.

तीनशे-चारशे वर्षांपूर्वी हाच खेळ हातावरच्या नसांशी खेळून विल्यम हार्वी या इंग्रज वैद्यानं रक्त शरीरभर फिरतं हे दाखवून दिलं होतं. दंडाला पट्टी बांधायची, फुगलेली नस बोटानं दाबून रिकामी करायची आणि ती कुठल्या बाजूनं भरते ते पाहायचं. नसांच्या आत झडपा असतात हे त्याचे गुरू फॅब्रिसियस यांनी १६०३ मध्ये चित्रं काढून दाखवलं होतं. पण त्या झडपा रक्ताला फक्त हृदयाच्याच दिशेनं जाऊ देतात, हे १६२८ मध्ये हार्वीनं मांडलं. पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात. प्रत्येक पावलागणिक ते आकसतात, नस पिळली जाते, रक्त वर सरकतं आणि खालची झडप मिटते. एरवी ही यंत्रणा आयुष्यभर कुरकुर न करता चालते. दिवस गेले की तिच्यावर तिन्ही बाजूंनी भार येतो. अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकामुळे नसांच्या भिंती सैलावतात, नस रुंद झाली की झडपेच्या दोन पाकळ्या एकमेकींना भिडत नाहीत आणि वर गेलेलं रक्त परत खाली उतरतं. त्यात वाढतं गर्भाशय ओटीपोटातल्या मोठ्या शिरांवर बसतं. खालून येणाऱ्या रक्ताला पुढे जायला वाट अपुरी पडते आणि मागून तर ते येतच असतं. मग जिथं कातडी पातळ, आधार कमी, तिथं नस फुगते. याच कारणानं कुणाला मूळव्याध होते. तीही फुगलेल्या नसांचीच गोष्ट, फक्त जागा वेगळी.

हे सगळं वाचल्यावर मला पहिल्यांदा राग आला. कारण तोवर माझ्या पायांची कारणं मला वेगवेगळ्या लोकांनी सांगितली होती, आणि ती सगळी माझ्यातच होती. फार उभी राहतेस. पायावर पाय टाकून बसतेस. पहिल्या खेपेला वजन वाढलं ते उतरवलं नाहीस. तासन्‌तास एका जागी उभं राहणं नसांना जाचतं, वजनाचाही भार पडतो, हे खरंच आहे. पण सगळ्यात मोठं कारण बहुतेक वेळा घराण्यातूनच आलेलं असतं. आईच्या किंवा वडिलांच्या पायावर नसा असतील तर आपल्याही पायावर त्या यायची शक्यता बरीच वाढते, आणि प्रत्येक बाळंतपणागणिक आणखी. माझ्या आईच्या दोन्ही पायांवर होत्या. लहानपणी मला ते काही वावगं वाटलं नव्हतं, आयांचे पाय असेच असतात असं मी धरून चालले होते. चारचौघांत ती नेहमी पाय दुमडून, कपड्याखाली घेऊन बसायची. त्याचं कारण तिनं कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. माझी पोटरी पाहून ती एवढंच म्हणाली, "बाळंतपणानंतर जातं सगळं." तिचं स्वतःचं काही गेलं नव्हतं.

गंमत म्हणजे हे वाक्य बऱ्याच अंशी खरं आहे. प्रसूतीनंतर काही आठवड्यांत नसा आकसू लागतात, तीन-चार महिन्यांत पुष्कळ फरक दिसतो, काहींना वर्षभर लागतं. पहिल्या खेपेनंतर बऱ्याचदा पाय पूर्ववत होतात, पुढच्या खेपांनंतर थोडं थोडं मागे राहत जातं. माझी तक्रार त्या वाक्याच्या खरेपणाबद्दल नाहीच. ते उच्चारलं की बोलणं संपतं, ही तक्रार आहे. "नंतर जाईल" हे उत्तर आज रात्री पाय कुठं ठेवू या प्रश्नाला कसं पुरं पडणार?

रोमचा सेनानी गायस मारियस, सात वेळा कॉन्सल, म्हणजे तिथला सर्वोच्च पदाधिकारी, झालेला, त्याच्या दोन्ही पायांवर अशाच नसा होत्या. त्या कापून काढायच्या ठरल्या तेव्हा त्यानं स्वतःला बांधून घ्यायला नकार दिला, एक पाय पुढे केला आणि हूं की चूं न करता सगळं सोसलं. वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तेव्हा मात्र तो म्हणाला की या उपायाच्या मानानं दुखणं बरं. दोन हजार वर्षं लोटली तरी ही हकिकत टिकून आहे. मला मारियस आवडतो, विशेषतः त्याचा दुसऱ्या पायाबद्दलचा निर्णय. पण त्याच काळात पोटात मूल घेऊन, तसल्याच पायांवर दिवसभर उभं राहून कामं उरकणाऱ्या किती बायका असतील, आणि त्यांच्यातल्या एकीच्याही पोटरीबद्दल कुणाला एक ओळ खरडावीशी वाटली नाही, हे मनात येतंच. आजचं चित्रही फार निराळं नाही. गरोदरपणातल्या या नसा आणि पायांच्या सुजेवरच्या उपचारांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेनं २०१५ मध्ये आढावा घेतला, तेव्हा हाताशी लागले सात अभ्यास आणि त्यांत मिळून ३२६ बायका. जगभरातल्या एवढ्या पायांमागे ३२६. रुटोसाइड या नसांवरच्या औषधाच्या गोळ्यांनी काहींना आराम पडला, पण बाळाच्या दृष्टीनं त्या किती सुरक्षित हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही. पाण्यात उभं राहिल्यानं सूज उतरते असं दिसलं. पायांच्या विशिष्ट मालिशीनंही थोडं बरं वाटलं. बास.

पाण्याचं मला पटतं. कॉनराड जॉब्स्ट नावाच्या एका अभियंत्याच्या पायांच्या नसा अशाच बिघडल्या होत्या. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पायांना बरं वाटतं हे त्याच्या लक्षात आलं. जितकं खोल जावं तितका पाण्याचा दाब वाढतो, म्हणजे घोट्याशी सर्वांत जास्त आणि वर येताना कमी कमी. तसाच दाब कापडातून देता येईल का, या विचारातून १९५० च्या सुमारास त्याची स्टॉकिंग्ज तयार झाली. आज डॉक्टर लिहून देतात ती याच जातीची. दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि कुणाला किती हवा ते पाय पाहून ठरतं. घोटा, पोटरी, मांडी यांची मापं घ्यावी लागतात, तीसुद्धा सकाळी, सूज चढायच्या आत. नुसतेच घट्ट मोजे आणून काम भागत नाही. वरच्या कडेला आवळणारे असले तर उलट तिथेच रक्त अडतं.

आणि ती घालायची कशी, हे कुणीच सांगत नाही. सकाळी पाय जमिनीला लावायच्या आत, अंथरुणातच. एकदा उभं राहिलं की नसा भरल्या, मग उशीला तिच्याहून लहान अभ्रा चढवावा तशी गत होते. त्यात मध्ये पोट. माझा नवरा शेवटी भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून समोर बसायचा, कारण त्यानं कापडावर पकड येते. टाच बरोबर टाचेवर, मग हळूहळू वर, एकही घडी राहू द्यायची नाही, नाहीतर तीच कातडीत रुतते. तो इतका गंभीरपणे हे काम करायचा की मला हसू आवरायचं नाही, आणि मी हसले की पोट हलायचं, आणि पोट हललं की आतला जीव लाथा मारायचा. उकाड्यात पाय भिजायचे, वरच्या पट्टीखाली पुरळ यायचं. काही दिवस मी ती सरळ कोपऱ्यात टाकून दिली. पण ज्या दिवशी घातली त्या दिवशी संध्याकाळी पाय माझे असायचे, एवढा फरक नक्की होता. नव्या नसा उगवायच्या थांबतात अशी आशा मात्र त्यांच्याकडून धरू नये. त्या ठणका आणि जडपणा कमी करतात, आणि तेवढं मला पुरेसं होतं.

बाकीचे उपाय इतके साधे आहेत की कुणी सांगितले तर अपमान वाटावा. एका जागी फार वेळ उभं राहू नये, बसूही नये. चालावं. चालता येत नसेल तर बसल्या जागी पावलं वर-खाली करावीत, म्हणजे पोटरीचा पंप चालू राहतो. दिवसातून थोडा वेळ पाय छातीच्या पातळीच्या वर ठेवावेत. नुसत्या मोड्यावर ठेवून उपयोग नाही, नीट उंच हवेत. डाव्या कुशीवर झोपावं, कारण खालचं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर मणक्याच्या उजव्या अंगाला असते आणि कूस बदलली की तिच्यावरचा भार हटतो. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, कुंथताना तो दाब थेट खालच्या नसांवर जातो. मी हे सगळं करायचे आणि अधूनमधून वैतागून काहीच करायचे नाही.

बहिणीनं लपवलेली खरी गोष्ट मला बऱ्याच दिवसांनी कळली. रात्री आम्ही दोघी जाग्या होतो. दिवा बंद होता म्हणून तिला बोलता आलं असावं. "ताई, फक्त पायावर नाही गं," ती म्हणाली, "खालीसुद्धा आहेत." उभं राहिलं की योनीच्या बाहेरच्या भागात सगळं सुजून जड होतं, काहीतरी गळून पडेल असं वाटतं, चालताना घासतं. तिनं हे नवऱ्याला सांगितलं नव्हतं, डॉक्टरांना नाही, आणि मला, जिला ती सगळं सांगते, मलाही नाही. आपल्याला काहीतरी घाणेरडा रोग झालाय असं तिला वाटत होतं. बाळ यायच्या वेळी त्या फुटल्या तर, ही भीती ती एकटीच उराशी घेऊन बसली होती. आम्ही दोघींनी मिळून डॉक्टरबाईंना विचारलं तेव्हा त्या बिलकूल दचकल्या नाहीत. बऱ्याच जणींना होतं, सांगत फारशा कुणी नाहीत, म्हणाल्या. खालून आधार देणारी खास अंतर्वस्त्रं मिळतात, गार शेक घेता येतो, कुशीवर पडून राहिलं की भार उतरतो. एवढ्या कारणानं नैसर्गिक प्रसूती टाळावी लागत नाही, आणि या नसा प्रसूतीनंतर साधारण सहा आठवड्यांत बहुतेकींच्या नाहीशा होतात. मग त्यांनी तिला उभं करून पाय पाहिले, कारण आडवं पडल्यावर या नसा लपतात. दोन्ही पोटऱ्यांना टेप लावून घेर मोजला. या सगळ्याला फार वेळ लागला नाही. परतीच्या वाटेवर माझी बहीण रडली. बरं वाटल्यानं की इतके दिवस उगाच भोगल्याचा राग येऊन, ते तिलाही ठरवता येईना.

टेप कशासाठी, ते त्यांनी नीट समजावलं, आणि तेव्हा त्या "नाही"ची मला खरी धास्ती वाटली. फुगलेल्या नसा बहुधा निरुपद्रवी असतात. पण गरोदरपणात रक्त लवकर गोठू लागतं. प्रसूतीच्या वेळी रक्तस्राव आवरावा म्हणून शरीरानं केलेली ती तयारी. त्यापायी खोल शिरेत गुठळी होण्याचा धोका एरवीच्या चार-पाच पट होतो, आणि बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत तो सगळ्यात जास्त असतो. एकच पाय अचानक सुजला, पोटरी किंवा मांडी दुखू लागली, गरम लागली, रंग बदलला, तर सकाळची वाट बघायची नाही. हे डाव्या पायात जास्त आढळतं, कारण त्या बाजूच्या मोठ्या शिरेवरून एक धमनी आडवी जाते. धाप लागली, छातीत दुखलं तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. फुगलेली नसच दोरीसारखी कडक, लाल, दुखरी झाली तरी दाखवायचं. आणि नस फुटून रक्त आलंच तर घाबरून उभं राहायचं नाही. आडवं व्हायचं, पाय वर घ्यायचा, दाबून धरायचं आणि मदत मागायची. गोळे, ओढ, ठणका आणि हे सगळं एकमेकांच्या इतकं जवळ राहतं की बाईनं स्वतःच "हे काही नाही" ठरवून टाकणं मला नको वाटतं.

तिच्या बाळंतपणानंतर एकदा तसं झालंही. डाव्या पोटरीत दुखू लागलं, पाय थोडा सुजला. घरात तान्हं मूल, सगळे जागरणानं शिणलेले. तिनं बाळाला आमच्या आईकडे दिलं आणि सरळ तपासणीला गेली. डॉपलरमध्ये, म्हणजे नसांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, काहीही निघालं नाही. मला वाटलं ती सुटकेचा निःश्वास टाकेल. ती तर चिडलेली होती. भूक लागली होती, दूध दाटलं होतं, आणि उगाच आलो असं वाटत होतं. डॉक्टरांनी मात्र आलात ते बरं केलंत म्हटलं. ते खरंच होतं, पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत ती नव्हती.

उरलेल्या नसांचं पुढे काय करायचं, हा आता आमच्या दोघींच्या फोनवरचा विषय असतो. गरोदरपणात त्यांना कुणी हात लावत नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांतही, अगदी अपवादात्मक परिस्थिती सोडली तर या काळात शस्त्रक्रिया, लेझर, इंजेक्शन काही करू नये असंच म्हटलंय. नंतरही काही महिने थांबतात, कारण बरंचसं आपोआप ओसरतं. जे राहतं त्याची सोनोग्राफी करून, झडपा कुठं निकामी झाल्यात ते बघून, ती नस आतून उष्णता देऊन किंवा औषध टोचून बंद करतात. रक्त दुसऱ्या वाटेनं जातं, पायाचं काही अडत नाही. दूध पाजत असेपर्यंत इंजेक्शन सहसा लांबवतात, आणि आणखी मूल हवंय का हे आधी विचारतात. मला विचारलं तेव्हा मी इतक्या जोरात नाही म्हटलं की टेक्निशियनही हसली. डावा पाय करून घेतला. उजव्यावरच्या बारीक रेघा तशाच आहेत, आणि त्यांच्यासाठी पुन्हा रजा टाकायची माझी तयारी नाही.

बहिणीच्या ऑफिसातल्या एकीला आता सहावा महिना आहे. जिन्यात भेटली तेव्हा पाय ओढतात म्हणाली आणि तुझी स्टॉकिंग्ज पडून असतील तर दे, असं म्हणाली. हिनं दिली नाहीत. चार-सहा महिने रोज वापरली की त्यातला ताण जातो, आणि माप तर प्रत्येकीचं वेगळं. तिला राग आल्यासारखं दिसलं, म्हणून शनिवारी सकाळी लवकर, पाय सुजायच्या आत, ही तिला माप द्यायला घेऊन गेली. दुकान अजून उघडायचं होतं. दोघी जिन्याच्या पायरीवर बसून पावलं वर-खाली करत बसल्या होत्या, आणि ही मला फोनवर विचारत होती की ते रबरी हातमोजे कुठल्या मापाचे आणले होते.